डाळमिलमध्ये पाचापैकी पाच

माझ्या पीएचडीचा विषय असा आहे की, कामाच्या ठिकाणी माणसांना जे दिसतं ते ती वरच्यांना का सांगत नाहीत. हा विषय मी निवडला हे ऐकून घरी सगळे हसले. मी स्वतः बसमध्ये माझ्या आरक्षित जागेवर कोणी बसलेलं असेल तर धुळ्यापासून जळगावपर्यंत उभी राहणारी मुलगी आहे. विद्यापीठातल्या मुलाखतीत, पुढे माझे गाइड झालेल्या सरांनी विचारलं की हाच विषय का, तेव्हा मी इतकं हळू उत्तर दिलं की त्यांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा नुसतीच मान डोलावली. मला काय म्हणायचं होतं ते त्यांना बहुतेक त्यातूनच कळलं असावं.

सगळ्या संशोधनाची सुरुवात प्रश्नावलीने होते. माझी प्रश्नावली इंग्रजीत होती, चाळीस विधानांची. प्रत्येक विधानापुढे एक ते पाच आकडे. पाच म्हणजे पूर्ण सहमत, एक म्हणजे अजिबात सहमत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मला ती इंग्रजीत छान समजत होती. मराठीत आणायचं काम मी दोन आठवडे केलं आणि त्यातून असली वाक्यं तयार झाली : ‘वरिष्ठांशी मतभेद व्यक्त करताना मला मानसिक सुरक्षितता जाणवते.’ आईने ते मोठ्याने वाचलं, मला परत दिलं आणि म्हणाली, छान आहे, पण कोणाला कळणार आहे हे? आई मामाशी फोनवर तासन्‌तास अहिराणीत बोलते आणि माझ्याशी बोलताना लगेच पुस्तकी मराठीवर येते. त्यामुळे अहिराणी मला सगळी कळते, पण माझ्या तोंडातून ती निघत नाही.

संशोधनासाठी अमळनेरची डाळमिल बाबांच्या ओळखीतून मिळाली. मालकांना सगळे नाना म्हणत, म्हणून मीही नाना म्हणू लागले. ते पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात बसत, समोर तुरीचे नमुने भरलेल्या पितळी वाट्या. त्यांनी माझं पत्र वाचलं, चहा मागवला आणि परवानगी दिली. एकच अट घातली. जे काही सापडेल ते आधी त्यांना सांगायचं, मग पुस्तकात लिहायचं. मी मान डोलावली. मान डोलावणं ही माझी सवय आहे, तिचा होकाराशी फारसा संबंध नसतो. पण नानांना ते कसं कळणार?

त्याच दुपारी खाली जाऊन मी कामगारांना प्रश्नावल्या वाटल्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं होतं की तुमची उत्तरं गुप्त राहतील, ती मालकांना दाखवली जाणार नाहीत. एका दिवसात दोन मजल्यांवर दोन उलटी वचनं दिली गेली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आठवड्याने प्रश्नावल्या परत आल्या. पोत्यांच्या थप्पीवर व्यवस्थित एकावर एक ठेवलेल्या, वर वाऱ्याने उडू नये म्हणून एक वजन. तीसेक होत्या आणि एकही कोरी नव्हती. संशोधनात असं कधी होत नाही, म्हणून मी जळगावच्या गाडीत अगदी खुशीत बसले. धरणगाव गेल्यावर त्या काढून बघायला लागले. पहिल्या प्रश्नावलीत चाळीसही विधानांपुढे पाचवर खूण होती. दुसऱ्या प्रश्नावलीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, सगळ्या प्रश्नावल्यांत पाच. ‘मला वरिष्ठांची भीती वाटते’ याला पाच आणि त्याच्याच खाली ‘मला वरिष्ठांची अजिबात भीती वाटत नाही’ यालाही पाच.

सरांनी त्या बघितल्या. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त चष्मा काढून ठेवला. आमच्या विभागात सरांनी चष्मा काढला की माणूस मनातल्या मनात आवराआवर करायला लागतो. संशोधन समितीने मला आधीच एक मुदतवाढ दिली होती. तीन महिन्यांनी पुढची बैठक होती आणि तोवर काही हातात नसेल तर नोंदणी रद्द होण्याची शक्यता होती. सर म्हणाले, आधी हे असं का झालं ते विचारून ये.

मी गेले. मिलमध्ये डाळ निवडायला आठ बायका होत्या. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या होत्या त्यांना सगळे अक्का म्हणत, पन्नाशीच्या असतील. मी प्रश्नावली पुढे धरून उभी राहिले आणि विचारायचं कसं याची जुळवाजुळव करत राहिले, तेवढ्यात त्यांनीच मला धीर दिला.

“पास व्हयनी ना तू? बठ्ठास्नी पाच-पाचच दिधात. चार कोन्हीच नही.”

मला कळायला थोडा वेळ लागला. धुळ्याहून कोणाची तरी पोरगी परीक्षेचे कागद घेऊन आली आहे, तिला मार्क द्यायचे आहेत, असा त्यांचा समज झाला होता. जेवणाच्या सुट्टीत अक्कांनी सगळ्यांना गोळा केलं होतं आणि पोरीचं नुकसान होऊ नये म्हणून हमालांपासून मशीनवाल्यांपर्यंत सगळ्यांकडून मला पूर्ण मार्क देववले होते. पॅकिंगमधल्या एकाने म्हणे दोन ठिकाणी तीन दिले होते. त्याला बायकांनी खोडायला लावलं. प्रश्नावल्या परत काढून बघितल्या तर खरंच एकीत दोन जागी खाडाखोड होती.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की शेजारच्या खोलीतून मॅडम बघायला आल्या. मग म्हणाले, “कागद राहू दे. तू तिथे जाऊन बस. तुला गप्प बसता येतं ना? मग बस.”

असं माझं खरं काम सुरू झालं. सकाळी धुळ्याहून बस, मिलमध्ये आठ बायकांच्या रांगेत नववी. समोर सूप आणि डाळ. खडा, काळा दाणा, साल राहिलेला दाणा बाजूला काढायचा. पहिल्या दिवशी मी इतकी सावकाश निवडत होते की शेजारची म्हणाली, ही डाळ पुढच्या वर्षाच्या लग्नाला उपयोगी पडेल. पण हात कामात असले आणि नजर सुपात असली की माझ्यासारखीला फार बरं असतं. कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, काही बोलावं लागत नाही. आणि आपण बोललो नाही की दुसरे बोलतात. चार दिवसांत मला त्या आठही जणींच्या सासवा, सुना, गुडघे आणि गॅसच्या शेगड्या माहीत झाल्या.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची होती. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्या दहाच मिनिटांत जेवतात. भाकरी, वांग्याची भाजी, दोन घोट पाणी, हात झटकले की उठायचं आणि मोठ्या मशीनच्या मागे जायचं. मीही मागे गेले. तिथे डाळीचा ढीग पडलेला होता आणि आठही जणी त्याच्याभोवती बसून भराभर चांगले दाणे वेचत होत्या.

ते मशीन मिलमधलं सगळ्यात नवं आणि महागडं होतं. त्यात कॅमेरे होते. दाण्याचा रंग ओळखून ते खराब दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवायचं. ते आल्यावर निवडणाऱ्या बायका पंचवीसच्या आठ झाल्या होत्या. पण काहीतरी बिघडलेलं होतं, कारण खराब दाण्यांबरोबर ते मूठ-मूठभर चांगली डाळही उडवत होतं. तो ढीग चुनीत जायचा, म्हणजे गुरांच्या खाद्यात. चांगली तूरडाळ गुरांना जाताना बघवत नव्हती, म्हणून या बायका स्वतःची सुट्टी मोडून ती वेचत आणि गुपचूप चांगल्या पोत्यात ओतत. वर्ष झालं होतं या गोष्टीला.

मी विचारलं. चक्क मोठ्याने विचारलं, कारण खरंच राहवलं नाही. नानांना सांगत का नाही?

सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, “जवाईनी आनेल मशीन शे. तिले कोन नाव ठेवी?”

नानांना एकच मुलगी. जावई इंजिनिअर, पुण्याला. जावयाने स्वतः यंत्रांच्या प्रदर्शनात जाऊन मशीन निवडलं होतं, मशीन आलं त्या दिवशी पूजा झाली, जेवण झालं, नानांनी सगळ्या नातेवाइकांसमोर जावयाला शेला घातला. त्याचा फोटो अजून मशीनच्या वर लावलेला होता. आता त्या फोटोखाली उभं राहून जावयाच्या मशीनला बिघडलेलं कोण म्हणणार? आमच्याकडे जावयाने आणलेले आंबे आंबट निघाले तरी सगळे दोन-दोन खातात.

पण नुसतं तेवढंच नव्हतं. दुसरी गोष्ट त्यांनी हळूहळू, सुपाकडे बघत सांगितली. हे तोंडातून बाहेर पडलं की नानांना काहीतरी करावं लागेल. नाना काय करतील? याहून मोठं, चांगलं मशीन आणतील. मग पंचवीसच्या आठ झाल्या तशा आठच्या शून्य होतील. कोणी घरी पाच माणसांचं बघत होती, एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. मशीन वाईट आहे तोवर त्या होत्या.

मी हे सगळं वहीत लिहिलं आणि सरांना दाखवलं. सर खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, हे प्रबंधातलं एक प्रकरण आहे, अख्खं. माणसं घाबरून गप्प बसतात असं सगळे लिहितात, इथे माणसं भिडेनेही गप्प आहेत, हे लिही. मला पहिल्यांदाच वाटलं की माझी पीएचडी होईल. त्याच क्षणी नानांची अट आठवली.

जे सापडेल ते आधी मला सांगायचं. मी मान डोलावली होती.

पुढचे काही आठवडे मी नानांच्या जिन्यासमोरून वळसा घालून जायचे. पण त्यांनीच निरोप पाठवला की गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत वर या, काय सापडलं ते बघू. बुधवारी मी अक्कांना खरं ते सांगून टाकलं. नानांना सगळं आधी सांगेन असं मी कबूल केलं आहे, हे सांगितलं. अक्कांचे हात थांबले. इतक्या दिवसांत मी त्यांचे हात थांबलेले बघितले नव्हते.

“तू लिखेल व्हतं ना कागदवर, कोन्हले सांगाव नही म्हनीसन?”

मी म्हटलं, हो. त्यांनी सूप परत हातात घेतलं. त्या दिवशी रांगेत कोणीच काही बोललं नाही. आठ बायका, एक मी आणि सुपांचा आवाज. माझ्या शेजारचीने आपलं सूप थोडंसं पलीकडे सरकवलं. मला वाटलं, आत्ता इथे कोणी एक ते पाच असे आकडे पुढे केले तर मला काय मिळेल ते स्पष्ट दिसतंय.

गुरुवारी मी वर गेले. बसमध्ये संपूर्ण रस्ताभर मी वाक्य तयार करत होते आणि ते मनात इंग्रजीतच तयार होत होतं, मराठीत आणलं की मोडत होतं. नानांनी बसायला सांगितलं. चहा आला. त्यांनी विचारलं, “हं, बोला ताई, काय काय सापडलं?”

मी म्हटलं, “नाना, मला सांगता येणार नाही.”

त्यांना ऐकू गेलं नाही. मला परत बोलावं लागलं आणि दुसऱ्या वेळी ते नको तितकं मोठं निघालं. मी सांगितलं की तुमच्यासमोर मी मान डोलावली ती चूक झाली, खाली सगळ्यांना मी लिहून दिलं आहे, कोण काय म्हणालं ते मी मालकांना सांगणार नाही. परवानगी काढून घ्यायची असेल तर काढून घ्या. हे शेवटचं वाक्य तयारीत नव्हतं. म्हणून गेल्यावर मला माझीच भीती वाटली. तीन महिन्यांतले दोन संपले होते, दुसरी मिल कुठून आणणार होते मी?

नानांनी पितळी वाटीतली तूर बोटाने ढवळली. मग उठले, खिडकीपाशी गेले आणि पडदा जरासा बाजूला करून मला जवळ बोलावलं. खिडकीतून बरोबर मोठ्या मशीनची मागची बाजू दिसत होती. ढिगाभोवती आठ डोकी वाकलेली होती.

“हेच ना?” ते म्हणाले.

 मी होकार दिला नाही, नकारही नाही. मानसुद्धा अगदी घट्ट धरून ठेवली.

ते म्हणाले की सांगू नका, मी विचारत नाही. मग खिडकीकडेच तोंड ठेवून ते स्वतःच बोलत गेले. मशीन बिघडलेलं आहे हे त्यांना तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं. जावयाला सांगावं तर तो मनाला लावून घेईल. मुलीला सांगावं तर ती त्याला सांगेल. कंपनीच्या माणसाला बोलवावं तर तो आधी जावयालाच फोन करेल, बिल त्याच्या नावावर आहे. आणि खालच्या बायकांना ‘मला कळलंय’ असं सांगावं, तर मग त्यांची सुट्टी का बुडू देतो याचं उत्तर द्यावं लागेल. म्हणून ते गेले वर्षभर रोज सुट्टी संपल्यावर पंधरा मिनिटांनी खाली उतरत होते, म्हणजे कोणाला अवघडायला नको. चालताना खोकायचेसुद्धा, लांबूनच.

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारण्यात कोणाचं गुपित फुटत नव्हतं, कारण ते आता त्यांचंही होतं. मी विचारलं, तुम्ही नवीन मशीन आणणार आहात का?

नानांनी माझ्याकडे मी अगदीच कच्ची आहे अशा नजरेने पाहिलं. “मशीन बदललं तर तो विचारेल का बदललं. मी काय सांगू? नाही बदलणार. आणि हे आहे तोवर त्या बाया लागणारच मला. आठच्या दहा लागल्या तर दहा ठेवीन.”

“मग त्यांची सुट्टी,” मी म्हटलं. पुढचं क्रियापद काही सुचलं नाही. पण त्यांना कळलं.

पुढच्या सोमवारी खाली फळ्यावर लिहिलेलं होतं की, जेवणाची सुट्टी संपल्यावर पाऊण तास निवडणीच्या बायकांना मशीनच्या मागे काम. कशाचं काम ते लिहिलेलं नव्हतं. मशीनचा उल्लेख होता तो फक्त जागा सांगण्यापुरता. जावयाचा फोटो होता तिथेच होता आणि कोणीतरी त्याची काच पुसलेली होती.

मी अक्कांना शपथेवर सांगितलं की माझ्या तोंडून काही गेलं नाही. त्या म्हणाल्या की माहीत आहे. मग नानांना कसं कळलं याचं आश्चर्य मी चेहऱ्यावर आणायचा प्रयत्न केला, पण मला नाटक जमत नाही.

“वरला पडदा रोज हालस,” अक्का म्हणाल्या. “आमले काय दिखस नही का?”

मी विचारलं की मग इतकं घाबरायचं कशाला? त्यांनी मला अगदी शांतपणे समजावलं. नानांना दिसतं हे त्यांना माहीत होतं, पण नानांना ते बोलावं लागलं नव्हतं. न बोललेल्या गोष्टीचं काही करावं लागत नाही. माझ्या प्रकरणात हे वाक्य मी जसंच्या तसं घातलं आहे. त्याच्यावर सरांनी लाल पेनने ‘संदर्भ?’ असं लिहिलं होतं. मग स्वतःच खोडलं.

समितीची बैठक झाली, नोंदणी टिकली. मी मिलचं नाव, गाव, धान्य सगळं बदलून लिहिलं. जावई तेवढा तसाच ठेवावा लागला, तो काढला तर काहीच उरत नव्हतं. नानांना ते प्रकरण वाचायला दिलं. त्यांनी ते न वाचताच परत केलं. म्हणाले, मी वाचलं तर मला कळेल.

पण मला आठवतो तो फळ्यावर ते लिहिलं गेलं तो पहिला दिवस. बायका सवयीने दहा मिनिटांत जेवल्या. डबे बंद झाले. आता वीस मिनिटं रिकामी होती आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेजारची ढिगाकडे बघून उठायला लागली तशी अक्कांनी तिला पदराला धरून खाली बसवलं. थोडा वेळ सगळ्या नुसत्याच बसल्या, हात मांडीवर ठेवून, बस थांब्यावर बसल्यासारख्या. मग एक पोत्याला टेकली. दुसरी तिच्या खांद्याला. अक्कांनी पदर तोंडावर घेतला आणि दोन मिनिटांत त्या घोरायला लागल्या, अगदी मोकळेपणाने.

मी वही उघडून बसले होते. तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. नाना आज पहिल्यांदाच सुट्टीत खाली येत होते, खोकल्याशिवाय. शेवटच्या पायरीवर त्यांना आठही जणी झोपलेल्या दिसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडावर बोट ठेवलं, वाकून चपला काढल्या आणि त्या हातात घेऊन अनवाणी पायांनी परत वर गेले.